समुद्राची पाहणी, पैनगंगेच्या पुलावरून

पैनगंगेचा पूर ओसरला की काठच्या बाभळींकडे पाहावे. ज्या उंचीपर्यंत पाणी चढले होते त्या उंचीवर पिशव्यांच्या चिंध्या, खताच्या पोत्यांचे सुटलेले पांढरे धागे, गुटख्याच्या चकाकत्या पुड्या आणि बियाण्याच्या फाटक्या थैल्या काट्याकाट्यांत अडकून राहिलेल्या असतात, आणि त्यांची एक आडवी रेघ नदीच्या दोन्ही तीरांवर दूरवर उमटलेली दिसते. पाटबंधारे खात्याच्या मोजपट्टीवर पुराची जी पातळी लिहिली जाते, तीच पातळी ही रेघ कोणी न सांगता दाखवीत असते. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पाऊस होतो, दुसरा पूर येतो आणि त्या चिंध्यांपैकी बऱ्याचशा सोडवून खालच्या गावांकडे घेऊन जातो. पहिल्या पुराने काय आणले आणि दुसऱ्याने काय नेले याची नोंद मात्र कोणाच्याही वहीत झालेली नसते.

वाशिम हा समुद्राचे दर्शन नसलेला जिल्हा आहे. येथील पुष्कळ माणसांनी समुद्र पाहिला तो मुंबईस काही कामानिमित्त गेली तेव्हाच. तथापि समुद्राशी या जिल्ह्याचा संबंध एकेरी नसून दुहेरी आहे. जुन्या दप्तरात वऱ्हाडाचे पयनघाट आणि बालाघाट असे दोन भाग केलेले आढळतात. मोगल अमदानीत सुभे वऱ्हाडातील एक सरकार म्हणून नोंदलेले ‘बासिम’ हे वरच्या, म्हणजे बालाघाटाच्या, अंगाचे. या पठाराच्या माथ्यावर पडलेला पाऊस कोणत्या समुद्रास जाणार, हे तो धुऱ्याच्या कोणत्या बाजूस पडला यावर ठरते. वाशिम तालुक्यातील काटा गावाच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे घाट उतरून अकोल्याच्या मुलखात पूर्णेस मिळते, पूर्णा चांगदेवापाशी तापीस आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्रास. उलट पूस, अरुणावती आणि अडाण या नद्या पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, वर्धा वैनगंगेशी एकरूप होऊन प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली शाखाशाखांनी फुटून बंगालच्या उपसागरात जाते. एकाच जिल्ह्याचे पाणी, आणि त्या पाण्यासोबत निघालेला एकाच जिल्ह्याचा केर, अशा रीतीने दोन समुद्रांच्या वाटेला लागतो.

असे असता समुद्राच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपण तो मुंबई, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्या पदरात टाकून मोकळे होतो. माझे म्हणणे असे आहे की समुद्राच्या प्रदूषणाची मोजदाद किनाऱ्यावरून सुरू झाली तेव्हा ती अर्धीच सुरू झाली. उरलेली अर्धी मोजदाद नद्यांच्या माथ्यावरील जिल्ह्यांत व्हावयास हवी, ती तेथील रहिवाशांनीच करावयास हवी, आणि सरकारने ती आपल्या दप्तरात रीतसर दाखल करून घ्यावयास हवी. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, म्हणून तिच्याकडे मी शेवटी येईन.

सामान्य माणसाने केलेल्या नोंदीस शास्त्रात किती मोल आहे याविषयी आपल्याकडे अजून पुष्कळ साशंकता आहे, आणि ती दूर व्हावी म्हणून एक हकिकत सांगणे भाग आहे. १० जानेवारी १९९२ रोजी हाँगकाँगहून अमेरिकेस निघालेल्या एका मालवाहू जहाजावरून पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावर वादळात काही कंटेनर समुद्रात पडले, आणि त्यांपैकी एकातील २८,८०० प्लास्टिकची खेळणी, म्हणजे पिवळी बदके, हिरवे बेडूक, निळी कासवे आणि तांबडे बीव्हर, लाटांवर तरंगू लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अलास्कातील सिटका गावाच्या किनाऱ्यावर ती लागू लागली. कर्टिस एबेसमायर या सागरशास्त्रज्ञाने किनाऱ्यावर फिरणाऱ्या, वाहून आलेल्या वस्तू गोळा करण्याचा छंद असलेल्या लोकांकडे विचारणा केली: कोणते खेळणे, कोठे, कोणत्या तारखेस सापडले? त्या लोकांनी जपून ठेवलेल्या तारखांवरून एबेसमायर आणि त्यांचे सहकारी जेम्स इंग्रॅहम यांनी उत्तर पॅसिफिकमधील प्रवाहांची गती पडताळून पाहिली. कोट्यवधी रुपये खर्चूनही महासागरात एका वेळी इतकी तरंगती चिन्हे सोडता आली नसती, आणि सोडली असती तरी ती वेचून त्यांची तारीख लिहून ठेवणारी माणसे किनाऱ्यावर नसती तर त्यांचा काही उपयोग झाला नसता.

त्याच्याही आधी, १९८६ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, किनारा झाडावयास जमलेल्या स्वयंसेवकांच्या हाती पिशवीबरोबर एक तक्ता देण्याची प्रथा सुरू झाली होती, आणि उचललेली प्रत्येक वस्तू त्या तक्त्यावर टिपली जाऊ लागली होती. नुसता झाडलेला किनारा दुसऱ्या भरतीस पूर्ववत होतो. टिपलेला किनारा मात्र बोलू लागतो, कोणती वस्तू किती, कोणत्या धंद्यातून आली, गेल्या वर्षीपेक्षा वाढली की घटली हे सांगू लागतो. जपानमध्ये तोकियोच्या कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठातील प्राध्यापक हिदेशिगे ताकादा यांनी २००५ पासून याहून साधी योजना चालविली आहे. प्लास्टिकच्या वस्तू ज्या कच्च्या मालापासून बनतात ते डाळीएवढे कण जगभरच्या वाळूत सापडतात. ते वेचावे, त्यांतही जुने, पिवळट पडलेले पाहून घ्यावे, अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळावे आणि टपालाने पाठवावे, एवढेच त्यांचे जगातील नागरिकांस सांगणे. समुद्राच्या पाण्यात विरघळलेली कीटकनाशके आणि कारखान्यांतील विषारी द्रव्ये या कणांच्या अंगी शोषली जातात, त्यामुळे मूठभर कणांच्या पृथक्करणातून त्या किनाऱ्याच्या पाण्याची कैफियत समजते. केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर २५ मे २०२५ रोजी एम.एस.सी. एल्सा-३ हे जहाज बुडाले आणि असेच कण त्या राज्याच्या किनाऱ्यावर पसरले, तेव्हा ही मूठभर कणांची विद्या आपल्या दाराशी आली.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही या कामाची बीजे पडलेली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी राखली. राखणे म्हटले की मोजणे ओघाने आलेच, म्हणून किती घरटी, किती अंडी, किती पिल्ले समुद्रास गेली हे गावकऱ्यांच्या हाताने लिहिले जाऊ लागले. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातील मंडळी ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर फिरून, ज्या पाण्याकडे मुंबईकर केवळ सांडपाणी म्हणून पाहात असे, त्या पाण्यातील जिवांची छायाचित्रे आणि ठिकाणे नोंदवीत आहेत. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ च्या ऑक्टोबरापासून अफरोज शाह यांच्या पुढाकाराने जे स्वच्छतेचे काम झाले त्याची कीर्ती सर्वत्र पसरली, आणि ती योग्यच होती. परंतु किनाऱ्यावर उचललेल्या प्रत्येक पिशवीमागे ती कोणत्या नाल्यातून, कोणत्या नदीतून आली हा प्रश्न उभाच राहतो, आणि त्याचे उत्तर किनाऱ्यावर मिळत नाही.

नद्यांची गोष्ट तर अलीकडच्या काळात मुळापासून बदलली आहे. २०१७ मध्ये जर्मन संशोधकांनी असा हिशेब मांडला की नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८८ ते ९५ टक्के केवळ दहा मोठ्या नद्यांतून जाते. हा आकडा जगभर छापला गेला, आणि दहा नद्या सुधारल्या की काम झाले असा समज रूढ होऊ लागला. पुढे २०२१ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवून दिले की समुद्रात जाणाऱ्या अशा प्लास्टिकच्या ८० टक्क्यांचा भार एक हजाराहून अधिक नद्यांवर विभागलेला आहे, आणि त्यांत गावाशहरांच्या मधून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. दहाच्या एक हजार झाल्या त्या काही चार वर्षांत नद्या बिघडल्या म्हणून नव्हे. अधिक ठिकाणी प्रत्यक्ष मोजणी झाली, आणि गणित त्या मोजणीवर घासून पाहता आले, म्हणून. आणि ती मोजणी करण्याची मुख्य रीत, जी डच संशोधकांनी आग्नेय आशियातील नद्यांवर रूढ केली, ती ऐकून वाचकांस नवल वाटेल: पुलावर उभे राहावे, पाण्याचा एक ठरावीक पट्टा नजरेत धरावा, ठरावीक मिनिटांत त्यातून तरंगत गेलेल्या वस्तू मोजाव्या आणि लिहाव्या. झुरिक विद्यापीठाने ‘क्राउडवॉटर’ या उपक्रमातून हीच गोष्ट मोबाइल हाती असलेल्या कोणासही करता येईल अशी सोय केली आहे. पैनगंगेवर पूल आहेत, आणि पुलावर उभे राहून पूर पाहात बसण्याची सवय तर आपल्या प्रत्येक गावास आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. वाशिमची पुडी समुद्रास पोहोचते कशावरून? पैनगंगेवर खाली ईसापूरचे धरण आहे. काटेपूर्णेवर महानचे धरण आहे, त्याच्यापुढे तापीवर हतनूर आणि उकाई आहेत. गोदावरीच्या मुखाशी सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात बांधविलेला धवळेश्वरचा बंधारा आहे. इतक्या भिंती ओलांडून एक पिशवी समुद्रास जाणे सोपे नव्हे, आणि नद्यांतील प्लास्टिकचा फार मोठा भाग वर्षानुवर्षे काठांवर, गाळात आणि जलाशयांत अडकून राहतो हे आता शास्त्रासही मान्य आहे. परंतु या आक्षेपाने मोजणीची गरज कमी होत नाही, उलट वाढते. धरणात अडकलेले प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते, लाटांनी भुगा होते आणि भुगा झाल्यावर दरवाजातून पाण्याबरोबर सहज निघून जाते; अकोला शहर महानच्या जलाशयाचे पाणी पिते, तेव्हा समुद्रास जाण्यापूर्वी तो भुगा कोणाच्या घागरीजवळून जातो हे निराळे सांगावयास नको. समुद्र हा या प्रवासाचा शेवट आहे. नुकसान त्या प्रवासाच्या प्रत्येक मुक्कामावर होत असते.

आता या कामास माणसे कोठून आणावयाची, असा प्रश्न पडेल. माणसे आहेत. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावातील पाच महिलांस पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे, आणि तपासणीचा संच हाती घेऊन विहिरीच्या काठावर बसलेली बाई मी पाहिली आहे. एका छोट्या बाटलीत पाणी भरून ती उबेच्या जागी ठेवावयाची. दूषित असेल तर एक-दोन दिवसांत ते पाणी काळे पडते. ती बाटली उजेडासमोर धरून, बोटाने झाकण दाबून, तिने जे म्हटले ते असे: ‘‘हे पाहा भाऊ, काळं झालं. आता कोणी म्हणो, आमची विहीर चांगली आहे म्हणून!’’ तिच्या बोलण्यात संताप नव्हता. स्वतःच्या हाताने जे सिद्ध केले ते आता कोणास नाकारता येणार नाही, हा विश्वास होता. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकल्यावर नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून पिवळी छटा येते की नाही हे पाहतो, आणि स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीस हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते, तेव्हा चावडीवर त्याची चर्चा होते. पाण्याचे मोजमाप हा आपल्या खेड्यात अनोळखी विषय राहिलेला नाही. विहिरीपर्यंत आलेली ही तपासणी नाल्याच्या पुलापर्यंत नेणे, एवढेच राहिले आहे.

त्याहूनही बोलका दाखला ई-पीक पाहणीचा आहे. ज्या नोंदीचा अधिकार पिढ्यानपिढ्या पटवाऱ्याच्या हाती होता, ती आपल्या शेतातील पिकाची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः, बांधावर उभे राहून, छायाचित्रासह करावी आणि ती सातबाऱ्यावर चढावी अशी व्यवस्था महाराष्ट्र शासनाने केली. तिच्यात अडचणी आहेत. रेंज नाही, मोबाइल नाही, मुदत संपली, अशा तक्रारी प्रत्येक हंगामात ऐकू येतात. तरी तत्त्व केवढे मोठे मान्य झाले! सोयाबीन पेरले की तूर पेरली हे सांगण्यास शेतकरी विश्वासार्ह साक्षीदार आहे, असे सरकारने कबूल केले. तोच शेतकरी जेव्हा सांगतो की त्याच्या शेताला लागून वाहणाऱ्या नाल्यातून रोज इतक्या पिशव्या जातात, तेव्हा त्याची साक्ष कोणत्या कारणाने अग्राह्य ठरावी?

नोंद ठेवण्याची परंपरा या भूमीस परकी नाही. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणजेच आजचे वाशिम, आणि विंध्यशक्ती दुसरा याचा जो ताम्रपट १९३९ मध्ये येथे सापडला, त्यात दान दिलेल्या गावाच्या शर्ती आणि सवलती तपशिलाने कोरलेल्या आहेत. पुढे मोगल, निजाम आणि इंग्रज यांच्या अमदानीत पाहणी, जमाबंदी, पैसेवारी या मार्गांनी प्रत्येक धुऱ्याची मोजणी झाली. जे मोजून सरकारास सारा मिळत होता ते सर्व बारकाईने मोजले गेले. ज्याच्या मोजणीतून फक्त प्रजेचे हित होणार होते, ते पुष्कळदा राहून गेले.

गेल्या पावसाळ्यात आम्ही काही जणांनी पुलावर उभे राहून मोजणी करून पाहिली, आणि त्यात आमच्याकडून जी चूक झाली ती येथे सांगितली पाहिजे, कारण पुढे जो कोणी हे काम हाती घेईल त्याच्याकडून तीच होण्याचा संभव आहे. नदीला पूर आला, पाण्यावर केर दिसू लागला, की आम्ही वही घेऊन पुलावर जात असू. ज्या दिवशी पाणी स्वच्छ वाहात असे त्या दिवशी आम्ही घरी राहात असू. हंगामाच्या शेवटी वही भरली, पण ती वही नदीची नव्हती, फक्त नदीच्या वाईट दिवसांची होती. तिच्यावरून सरासरी काढता येईना, वाढ की घट ते सांगता येईना. पंचांगात कोणताही दिवस तिथीविना नसतो. तसेच या कामात कोरा दिवस नसावा. वार ठरलेला, वेळ ठरलेली, मिनिटे ठरलेली, आणि काही दिसले नाही तर ‘शून्य’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. वहीत शून्य लिहिण्याइतकी कंटाळवाणी गोष्ट दुसरी नाही, आणि तिच्याइतकी मोलाचीही नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पिशव्या आणि थर्माकोल यांवर २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना निघाली, देशभर एकदाच वापरून टाकावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी लागू झाली. एखाद्या पुलावर दर आठवड्याची अखंड वही २०१२ च्या आधीपासून असती तर या तीन हुकुमांनी नदीत नेमका काय फरक पडला हे वाशिमच्या एखाद्या शाळकरी मुलालाही पान उलटून सांगता आले असते.

आणखी एक धोका आहे आणि तो मला शून्याच्या कंटाळ्याहून मोठा वाटतो. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या परिसरातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंदवही ठेवावी, ही माधव गाडगीळ यांच्यासारख्यांनी रुजविलेली अतिशय उदात्त कल्पना त्याद्वारे गावोगाव जावयाची होती. परंतु राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालताच अनेक ठिकाणी या वह्या घाईने, बाहेरच्या माणसांकडून भरून घेतल्या गेल्या, आणि ज्या गावाची ती वही त्या गावाने ती उघडून पाहिलीही नाही. नदीच्या वहीचे असे होता कामा नये. ती मराठीत असावी, ग्रामपंचायतीत राहावी, तिची नक्कल पुढे जावी पण मूळ प्रत गावातच असावी. आणि ज्याने मोजले त्याला, वर्ष संपल्यावर, वरच्या आणि खालच्या गावांचे आकडे परत मिळावेत. ज्या माणसाकडून आपण माहिती घेतो आणि त्याला तिचे उत्तर कधी देत नाही, तो दुसऱ्या वर्षी पुलावर येत नाही. त्यात त्याचा काही दोष नाही.

आता, सरकारने ही नोंद आपल्या दप्तरात दाखल करून घेण्याच्या, त्या अवघड गोष्टीकडे येतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांवरील ठरावीक ठिकाणी पाण्याचे नमुने घेऊन त्यातील प्राणवायू, जैविक भार, जंतू इत्यादींची तपासणी करते. ते काम आवश्यक आहे आणि प्रयोगशाळेविना होणारे नाही. तरंगत्या केराची मोजणी मात्र प्रयोगशाळेविना होते, आणि ती करणाऱ्या नागरिकांची वही मंडळाने, जिल्हाधिकारी कार्यालयाने आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाने अधिकृत कागद म्हणून स्वीकारावी, असा एक साधा आदेश निघाला पाहिजे. विश्वासार्हतेची शंका असेल तर तपासणीच्या रीती आहेत: एकाच वेळी दोघांनी वेगवेगळे मोजावे आणि आकडे ताडून पाहावेत, महिन्यातून एकदा महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी फेरमोजणी करावी, प्रत्येक नोंदीसोबत पाण्याचे एक छायाचित्र असावे. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र समुद्राच्या बाजूने जी माहिती गोळा करतात, तिच्या दुसऱ्या टोकास बालाघाटाच्या या वह्या जोडल्या गेल्या तर नदीच्या उगमापासून मुखापर्यंत एक सलग हिशेब प्रथमच तयार होईल. त्यासाठी यंत्रसामग्री नको, स्वतंत्र कचेरी नको, मंजुरीसाठी वर्षभर फिरणारी फाइल तर नकोच.

पैनगंगेवरील पुलांपैकी ज्याचा कठडा दोन्ही बाजूंनी शाबूत आहे आणि ज्यावरून वाहतूक कमी आहे असा एक निवडावा, कारण मोजणाऱ्याची नजर पाण्यावर असते आणि मागून येणारी गाडी त्याला दिसत नाही. पावसाळी दिवसांत शक्यतो दोघांनी मिळून जावे. मृग लागण्यापूर्वी कठड्यावर पांढऱ्या रंगाने चार मीटर अंतरावर दोन खुणा करून ठेवाव्यात. त्या दोन खुणांच्या मधून जे वाहून जाईल तेवढेच मोजावयाचे, दहा मिनिटे, दर रविवारी सकाळी आठ वाजता, पाणी कितीही निवळ असले तरी.